न उजळलेल्या पेशी

आईची बोटं आमवाताने वाकडी झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘शरीर स्वतःवरच उलटलंय.’ मग इतरांचं का उलटत नाही? या प्रश्नापायी मी, विज्ञानाची पदवी नसलेला माणूस, रोगप्रतिकारशक्तीचा इतिहास वाचू लागलो.

१९४१ साली हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडला. प्रतिपिंड चिकटेल ती जागा उजळू लागली. १९८७ मध्ये डेन्व्हरला जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक यांनी याच युक्तीने उंदरांच्या टी पेशी तपासल्या. त्यांचं प्रतिपिंड एका विशिष्ट घडणीचा ग्राही ओळखत होतं. तो ग्राही बहुधा ‘आय-ई’ या प्रथिनावर उलटतो. हे प्रथिन अंगी नसलेल्या उंदरांत प्रौढ पेशी उजळल्या. ते असलेल्यांत थायमसमधल्या कोवळ्या पेशी उजळल्या, प्रौढ पेशींत मात्र जवळपास अंधार. स्वकीयांवर उलटणाऱ्या पेशी थायमसमध्येच गाळल्या जात होत्या. मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५०च्या दशकात बांधलेल्या तर्काला पुरावा मिळाला, तो न उजळलेल्या पेशींमुळे.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे माझ्या चाळणीला भोक पडलंय.’