यीस्टचा उपास



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं आजचीं गजबजलेलीं उपनगरें ज्या साष्टी बेटावर वसलीं आहेत, तेथील ईस्ट इंडियन घरांतून सणावारीं फुग्यांचें पीठ ताडी घालून आंबविण्याची जुनी रीत आहे. ताडींतलें यीस्ट तें पीठ फुगवितें. पावाचें पीठ फुगवितें तेंही यीस्टच. या सूक्ष्म जीवाचें हें काम आपल्या परिचयाचें आहे. मला आज बोलावयाचें आहे तें त्याच्या उपासाविषयीं. खावयास मिळेनासें झालें, म्हणजे यीस्ट स्वतःचाच कांहीं भाग पचवून जगतें. तें हें कसें साधतें याचा उलगडा जपानांत झाला. पण यीस्टच्या आत्मपचनाशीं मुंबईचा संबंध त्यापूर्वींच, परळ येथें, आला होता.

इ. स. १९२८ सालीं डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी परळच्या हाफकिन संस्थेंत संशोधनासाठीं आल्या. मुंबईंतील गरीब स्त्रियांना, त्यांत गिरण्यांतून राबणाऱ्या स्त्रियांनाही, गरोदरपणीं पांडुरोगाचा एक भयंकर प्रकार ग्रासीत असे व त्यांत अनेकींचा अंत होई. विल्सबाईंनीं प्रथम संसर्गाचा संशय घेऊन पाहिला; तो टिकला नाहीं. मग एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनीं या स्त्रियांची राहणी व आहार यांची पाहणी केली व १९३० सालीं ती प्रसिद्ध केली. रोगाचें मूळ निकृष्ट आहारांत दिसूं लागलें. उंदीर व माकडें यांच्यावर प्रयोग झाले, आणि शेवटीं ‘मार्माइट’ नांवाचें यीस्टचें स्वस्त सत्त्व रुग्ण स्त्रियांना देण्यांत आलें. त्यांचें रक्त भरून येऊं लागलें. हा निष्कर्ष १९३१ सालीं जगापुढें आला. सत्त्वांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. तें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें व १९४५ सालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत, यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालीं, कृत्रिम रीतीनें तयार झालें.

हें सत्त्व करण्याची कृति आपल्या विषयाशीं निगडित आहे. मद्याच्या कारखान्यांत उरलेल्या यीस्टला मीठ लावून ऊब देतात. पेशी मरतात, आणि त्यांच्यांतील पाचक विकर मोकळे होऊन पेशीचीं प्रथिनें विरघळवूं लागतात. घर पडल्यावर चूल भडकून सारें घर जळावें, तसा हा प्रकार. पण हेच विकर जिवंत पेशींतही असतातच. मग ती जळून कां जात नाहीं? कारण ते ‘रिक्तिका’ नांवाच्या एका पिशवींत कोंडलेले असतात. मात्र उपासाच्या वेळीं जिवंत पेशी आपल्याच अंगांतील माल त्या पिशवींत पोंचविते कशी?

अशीच एक पाचक पिशवी प्राण्यांच्या पेशींत बेल्जियमचे ख्रिस्तियाँ द द्यूव्ह यांना सांपडली होती. तिला आपण लयकारिका म्हणतों. पेशी आपलाच भाग तेथें नेऊन पचविते, या क्रियेला १९६३ सालीं त्यांनीं जें नांव दिलें, त्याचा अर्थ स्वभक्षण. त्यांना १९७४ सालीं नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि ही क्रिया कोणत्या जनुकांच्या हुकमतींत चालते, हें पुढेंही बराच काळ अंधारांत राहिलें.

तें कोडें टोकियो विद्यापीठांत योशिनोरी ओसुमी यांनीं यीस्टकडून सोडविलें. १९८८ सालीं स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाल्यावर त्यांनीं एक साधी युक्ति योजिली. ज्यांच्या रिक्तिकेंतील प्रथिनें पचविणारे विकर निकामी आहेत, असें यीस्ट घेऊन त्यांनीं तें उपाशी ठेविलें. माल आंत येईल, पण पचणार नाहीं. तेव्हां तो सांचून दिसेल, हा तर्क. अर्ध्या तासांतच रिक्तिकेंत थरथरणारे गोल कण साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं दिसूं लागले. हें वृत्त १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतर, ज्यांच्यांत हे कण सांचत नाहींत असे बिघडलेले यीस्ट हुडकून त्यांनीं व मिकी त्सुकादा यांनीं १९९३ सालीं या क्रियेस लागणाऱ्या १५ जनुकांचा माग लाविला. आज अशीं जनुकें चाळिसांहून अधिक ज्ञात आहेत. २००३ सालीं त्यांना ‘एटीजी’ हें एकच आडनांव देण्यांत आलें.

या जनुकांपासून होणाऱ्या प्रथिनांची कामें वांटलेलीं आहेत. अन्न मुबलक असतां ‘टॉर’ नांवाचा विकर एटीजी-१३ या प्रथिनावर फॉस्फेटचीं मोहरें उमटवून सारें काम थांबवून ठेवितो. अन्न संपलें कीं मोहरें निघतात, एटीजी-१३ हें एटीजी-१ शीं जुळतें व कामगार रिक्तिकेजवळ जमतात. एटीजी-९ असलेल्या सूक्ष्म पुटिका पडद्याचा पहिला माल आणतात. एटीजी-१२ व एटीजी-५ यांची जोडी एटीजी-८ ला पडद्याच्या स्निग्ध रेणूशीं सांधण्यास साहाय्य करते. पडदा द्रोणासारखा वाढत जाऊन पेशीचा कांहीं भाग वेढतो व मिटतो. मग या दुहेरी पिशवीचा बाहेरचा पडदा रिक्तिकेशीं एकजीव होतो, आंतली पिशवी तिच्यांत पडते आणि पचते. सुटलेल्या अमिनो आम्लांपासून पेशी निकडीचीं नवीं प्रथिनें घडविते. ज्या यीस्टला हें साधत नाहीं, तें नायट्रोजनच्या उपासांत कांहीं दिवसांतच मरूं लागतें. ओसुमींना या कार्यासाठीं २०१६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हीं जनुकें आपल्यांतही थोड्या फरकानें आहेत. नाळ तुटतांच अर्भकाचें अन्न थांबतें. दूध मिळेपर्यंतचा तो आयुष्यांतील पहिला उपास. उंदरांच्या नवजात पिलांत या वेळीं स्वभक्षण जोरांत चालतें, आणि एटीजी-५ नसलेलीं पिलें एका दिवसांत दगावतात, असें जपानी संशोधकांनीं २००४ सालीं दाखविलें.

म्हणून उपासाचें स्तोम माजवावें, असा मात्र याचा अर्थ नव्हे. स्वभक्षण म्हणजे घरचीं भांडीं मोडून चार दिवस काढणें. बाहेरून दाणा आला तरच पुढचा संसार. परळच्या रुग्ण स्त्रियांच्या पेशींना मोडण्यासारखी शिल्लक फार थोडी होती, आणि फॉलिक आम्ल तर शरीराला मुळांतून घडवितां येत नाहीं. तें अन्नांतूनच यावें लागतें. ज्या यीस्टनें स्वतःला पचवून तें त्यांच्यापर्यंत पोंचविलें, त्याच्याच कुळानें पुढें उपाशी पेशीचें गुपितही सांगितलें. दोन्ही वेळां प्रश्न एकच होता : भुकेल्या देहाला पुढच्या घासापर्यंत टिकवावें कसें?