रिसाला, पलटण, तोफखाना

हिंगोलीत पत्ता सांगताना आम्ही अजून फौजेची भाषा बोलतो. रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. लहानपणी ही मला नुसती नावे वाटत. रिसाला म्हणजे घोडदळ आणि पेन्शनपुरा म्हणजे निवृत्त शिपायांची वस्ती, हे कळायला काही वर्षे गेली. ही फौज कोणाची आणि कोणावर चालून गेली, हा प्रश्न पडायला त्याहून अधिक.

फौज निजामाची होती आणि नव्हतीही. पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. रेसिडेंट हेन्री रसेल याने 1813 च्या सुमारास हैदराबादेत कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांतून पुढे हैदराबाद कंटिंजंट वाढली आणि हिंगोली हे तिचे एक मोठे ठाणे झाले. पायदळात उत्तर हिंदुस्थानी माणूस पुष्कळ. घोडदळाची रीत मात्र आपल्या ओळखीची होती, शिलेदारीची: घोडा आणि हत्यार स्वाराचे, सरकारने फक्त पगार द्यायचा. शिलेदार हा मराठी फौजेतला शब्द इंग्रज अंमलदारांच्या कागदांत 'सिल्लादार' होऊन बसला.

या फौजेचा या मुलखाशी आलेला सर्वांत कडवा प्रसंग 1819 च्या जानेवारीतला. हिंगोलीच्या पूर्वेला, पैनगंगेच्या पट्ट्यात, हटकरांचे नाईक नौसाजी यांची नोव्हा येथे गढी होती. पेशवाई नुकतीच बुडाली होती. नौसाजींनी निजामाच्या अंमलाला धुडकावले आणि मेजर पिटमन तोफा घेऊन चालून आला. आत हटकर आणि पगारी अरब शिपाई. त्या काळी दख्खनच्या किल्ल्यांतून अरबांची लांब नळीची बंदूक आणि कमरेचा जंबिया यांचा मोठा दरारा होता. तट सोडून अरब सहसा हटत नसत, आणि नोव्ह्यातही ते हटले नाहीत. वेढा काही आठवडे चालला. महिनाअखेरीस एल्गार करून गढी घेण्यात आली, तेव्हा आतली बहुतेक शिबंदी मारली गेली होती.

इंग्रजी कागदांत नौसाजी 'बंडखोर' आहेत; आपल्याकडे त्यांना स्वातंत्र्ययोद्धा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मला दोन्ही शब्द आखूड वाटतात. त्यांचे पहिले भांडण निजामाशी होते, त्यांचे निम्मे बळ परमुलखातले भाडोत्री होते, आणि तट चढणारे शिपाईही कोणा शेतकऱ्याचेच पोरगे होते. गढीतली माणसे मात्र आपल्या मातीवर मेली, एवढे कोणत्याही बाजूने पाहिले तरी खरे.

विजेत्यांना 'नोव्हा' हा रणसन्मान मिळाला. पुढे 1858 मध्ये ह्यू रोजबरोबर झाशीच्या राणीवर चालून गेलेल्या फौजेतही कंटिंजंटच्या तुकड्या होत्या. त्याचा सन्मान 'सेंट्रल इंडिया'. दरम्यान या फौजेच्या खर्चापायी निजाम कर्जात बुडाला आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. म्हणजे रिसाला बाजारातल्या घोड्यांचा दाणा अखेर वऱ्हाडच्या कापसाने भरला.

1903 मध्ये कंटिंजंट वेगळी राहिली नाही. घोडदळाच्या वारशातली विसावी डेक्कन हॉर्स 14 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूडवर भाले रोखून धावली; समोर मशीनगन होत्या. तीच रेजिमेंट 1965 मध्ये असल उत्तरला शर्मन रणगाड्यांत बसून लढली. पायदळाची हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. पहिले परमवीरचक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा या रेजिमेंटचे. 1962 मध्ये रेझांग लाला जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढलेली कंपनीही याच रेजिमेंटची.

भारतीयांविरुद्ध मिळवलेले रणसन्मान स्वतंत्र भारताच्या सेनेने मिरवायचे नाहीत, असे ठरले. 'नोव्हा' त्याच जातीचा. निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे नोव्ह्याचा वेढा दोन्हीकडून विस्मरणात गेला: जिंकणाऱ्यांना तो सांगायचा नाही, आणि हरलेल्यांकडे दप्तर लिहिणारे कोणी नव्हते.

परवा बसस्थानकावर रिक्षावाल्याला म्हटले, पलटणला चल. तो म्हणाला, "काका, तोफखान्याकडून घेऊ का रिसाल्यातून?"