ख्रिस्ती विश्रांती (मराठवाडा)

ख्रिस्ती विश्रांती : पापाचे ओझे, संसाराची दगदग आणि मृत्यूचे भय यांनी श्रांत झालेल्या जिवास येशू ख्रिस्तावरील विश्वासाने लाभणारी अंतःकरणाची स्वस्थता. सृष्टिनिर्मितीनंतर सातव्या दिवशी देवाने घेतलेला विसावा, इस्राएल लोकांस लावून दिलेला शब्बाथ, आणि देवाच्या प्रजेसाठी अद्याप राखून ठेवलेला म्हणून इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात वर्णिलेला विसावा, ही या कल्पनेची शास्त्राधारित अंगे होत. परंतु मराठी ख्रिस्ती मनात घर करून राहिले आहे ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातील, श्रमलेल्या व ओझ्याखाली वाकलेल्या माणसांस येशूने केलेले पाचारण. त्या पाचारणात विसाव्याच्या वचनाबरोबरच आपले जू मानेवर घेण्याची आज्ञाही आहे. येथे श्रम संपत नाहीत, धनी बदलतो. वेठबिगार जेथे पिढ्यान्‌पिढ्या मानेवर बसलेली होती, त्या मराठवाड्याच्या मुलुखात या आज्ञेचा अर्थ कष्टकऱ्यास भाष्यावाचून उमगला असला पाहिजे.

या विश्रांतीस वस्तीचे रूप देण्याचा या भागातील सर्वांत लक्षणीय प्रयत्न रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्यानजीक केला. (जालना त्या काळी औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असे, स्वतंत्र जिल्हा १९८१ मध्ये झाला.) जन्माने ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या ताब्यावरून मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खटला उभा राहिला, मुलास पित्याच्या स्वाधीन करण्यात आले, आणि त्यास प्रायश्चित्त देऊन पुन्हा ज्ञातीत घ्यावे की काय, या प्रश्नाने उठलेल्या वादळात बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली. नारायणरावांस मात्र घर, ज्ञाती आणि भाऊ ही तिन्ही अंतरली. ख्रिस्ती शांती ही सुखवस्तू मनाची चैन होय असे मानणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य अभ्यासावे. कारण ज्याने पुढे इतरांस विसाव्याचा मार्ग दाखविला, त्याने तो स्वतः फार मोठे मोल देऊन घेतला होता.

निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसविली. घर सोडून परागंदा झालेला याकोब उशास धोंडा घेऊन जेथे निजला, आणि जेथे स्वर्गापर्यंत पोहोचणारी शिडी त्याने स्वप्नात पाहिली, त्या स्थळाचे हे नाव आहे. वस्तीत आले ते मुख्यत्वे महार व मांग समाजांतील लोक. गावकुसाबाहेर जन्म काढलेल्या या माणसांस स्वतःच्या वस्तीत राहणे, विहिरीचे पाणी निर्वेधपणे भरणे, अक्षर ओळखणे आणि रविवारी कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता उपासनेस बसणे, ही आत्मिक विश्रांतीहून वेगळी बाब वाटली नसावी. दुष्काळात पोटासाठी धर्म बदलला, हा आक्षेप अशा मंडळ्यांवर पुष्कळदा घेतला जातो. परंतु भुकेल्यास अन्न देणाऱ्या हातावर त्याने विश्वास ठेवला, यात त्या विश्वासाला उणेपणा कसा येतो, हे प्रस्तुत लेखकास समजत नाही. शेषाद्री १८९१ मध्ये निवर्तले.

औरंगाबाद शहरात (आता छत्रपती संभाजीनगर) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीच्या रतनजी नवरोजी या मूळच्या पारशी पाळकांनी दीर्घकाळ सेवा केली. छावणीतील क्राइस्ट चर्च हे शहरातील जुन्या उपासनास्थानांपैकी एक असून ते आज उत्तर भारतीय मंडळीकडे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे. वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे रोमन कॅथलिक कार्याचे जुने केंद्र. फ्रान्समधील आनेसीहून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स संस्थेच्या मिशनऱ्यांनी ते उभारले. औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला.

ख्रिस्ती विसाव्याच्या या अनुभवास मराठी वाणी मिळाली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे (१८६१–१९१९). १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी वारकरी संतांशी नाते तोडले नाही. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. अभंग, भजन व कीर्तन ही साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजविली, त्यामुळे परभाषेतील चालींवर बसविलेल्या गीतांनी जे साधले नव्हते ते साधले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वियोगाची व संशयाची वर्षे काढून १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. तो प्रवास त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. विश्वास एका रात्रीत उजाडतो असे मानणाऱ्यांस लक्ष्मीबाईंची साक्ष अधिक उपयोगी पडेल.

आचारात ही विश्रांती रविवारच्या उपासनेत, प्रभुभोजनात, घरोघरच्या सायंप्रार्थनेत व उपवासकाळातील आत्मपरीक्षणात जोपासली जाते. मृत्यूविषयीही मराठी ख्रिस्ती माणूस ‘प्रभूमध्ये विसावले’ असेच म्हणतो, आणि कबरस्तानातील प्रार्थनेत दुःखाबरोबर पुनरुत्थानाची आशा उच्चारली जाते.

मराठवाड्यातील या श्रद्धेचा इतिहास लिहिण्यास बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, पाळकांची दप्तरे आणि वृद्धांच्या तोंडच्या आठवणी हीच मुख्य साधने होत. ज्या मंडळ्यांपाशी व घराण्यांपाशी ती असतील त्यांनी वाळवी व विस्मरण यांपासून त्यांचे रक्षण करावे आणि अभ्यासकांस ती खुली करावीत.