पैसे मोजणारा पाहुणा

पाहुणा आणि पैसा हे दोन शब्द मराठीत सहसा एका पंगतीला बसत नाहीत. पैसे देऊन जेवतो तो खानावळीतला, भाडे भरून राहतो तो बिऱ्हाडकरू. पाहुण्याने फार तर निघताना मुलांच्या हातावर खाऊला काही ठेवावे! ‘पेइंग गेस्ट’ला आपल्याकडे अजून धड नाव मिळाले नाही ते यामुळेच. परंतु आम्हा खंडाळेकरांना हा प्राणी सर्वस्वी नवा नाही.

१८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि आमचे गाव वाटसरूंच्या विसाव्याचे झाले. कामासाठी येऊन मुक्काम ठोकणारा परका माणूस मात्र मोठ्या संख्येने आला तो आगगाडीमुळे. १८५६ मध्ये घाट फोडण्यास प्रारंभ झाला. पावणेसोळा मैलांची चढण, पंचवीस बोगदे, आणि काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर! १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन अल्पावधीतच वारले. पुढचे काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी नेटाने तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. अ‍ॅलिसबाईंचे नाव इतिहासात राहिले. त्या हजारो मजुरांनी रात्री पाठ कोठे टेकली याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

गाडी आली तशी मुंबईच्या धनिकांचे बंगले आले. १९३० मध्ये ‘दख्खनची राणी’ धावू लागली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि दर खेपेस मुंबई आणखी थोडी जवळ सरकली. पण हे सारे हवा खायला येणारे लोक. काम ते खालीच ठेवून येत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि कचेरी माणसाच्या मांडीवर येऊन बसली. घरून काम करायचे, तर ते घर घाटमाथ्यावर का नसावे? टाळेबंदी सैल होताच संगणक काखोटीला मारून तरुण मंडळी वर येऊ लागली. यांना दरी नको, धबधबा नको. टेबल, पाठ न दुखवणारी खुर्ची आणि न तुटणारे इंटरनेट हवे. आषाढात वीज गेली की हे यजमानाकडे अशा नजरेने पाहतात, जणू ढग आपणच बोलावले!

सरकारने नावाचा पेच चतुराईने सोडवला आहे. योजनेचे नाव ‘निवास व न्याहारी’. त्यात पाहुणा नाहीच! घरात मात्र तो असतो. त्याची सभा चालू असेपर्यंत आजीचा रेडिओ बंद, कुकरची शिट्टी लांबणीवर. आपल्याच घरात चवड्यांवर चालताना भाड्याचा आकडा पुरेसा वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तरी जुन्या घराचे पत्रे त्याच भाड्यातून बदलले, हेही खरेच.

आमच्याकडे एक मुलगा चार महिने होता. महिनाअखेरीस हिशेब पाहून म्हणाला, “काकू, चहा धरलेला दिसत नाही.”

आई म्हणाली, “जेवणाचे घेते ना रे! चहाचे कसले?”

वहीत चहाचा रकाना मी आखला होता. तो अजून कोराच आहे.