आघाडा, मिरची, एरंड : संशयाच्या वनस्पती

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात शनिवारी दुकानांची दारे उघडली, की अनेक चौकटींवर ताजी माळ चढते. एक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या एका दोऱ्यात ओवलेल्या असतात. मागच्या आठवड्याची सुकलेली माळ काढून रस्त्यावर टाकली जाते आणि जाणते पादचारी तिच्यावर पाय पडू देत नाहीत. सरोजिनी नायडूंच्या नावाची ही वसाहत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभी राहिली आणि देशाच्या नाना प्रांतांतली कुटुंबे तिच्यात राहून गेली. येथला दुकानदार या माळेला टोटका म्हणतो. मराठी घरात तिला दृष्टीचा उपाय म्हणतात. महाराष्ट्रात तिच्यात बहुधा बिब्बा आणि काळी बाहुलीही असते. प्रांत बदलला तरी कल्पना बदलत नाही: कोणाची तरी नजर लागेल, आणि वनस्पती ती अडवील.

ही कल्पना जुनी आहे. परंतु तिचा इतिहास केवळ भाबड्या समजुतींचा इतिहास नाही. वनस्पतींच्या जादूत आरंभापासून दोन कृती शेजारी शेजारी नांदत आल्या. एक निवारणाची: अनिष्ट दूर राहावे म्हणून पान, मूळ, बी वा धूर वापरणे. दुसरी निवाड्याची: अनिष्ट कोणी केले हे ठरवण्यासाठी, आणि ठरल्यावर त्या व्यक्तीला शासन करण्यासाठी, वनस्पती वापरणे. मराठी शब्दांतही हा भेद दिसतो. दृष्ट आणि उतारा हे शब्द उपायाकडे झुकतात. करणी, मूठ, चेटूक हे शब्द कर्त्याकडे बोट दाखवतात. दोन्ही कृतींत वनस्पती बरेचदा त्याच असतात. त्या कोणाच्या हातात आहेत आणि कोणाकडे रोखल्या आहेत, यावर त्यांचा अर्थ ठरत आला आहे.

निवारणाच्या वनस्पतींमध्ये पहिला मान आघाड्याचा. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील १७ ते १९ ही तीन सूक्ते अपामार्गाला, म्हणजे आघाड्याला उद्देशून आहेत. कच्च्या मडक्यात, निळ्या-तांबड्या सुतात वा कच्च्या मांसात कोणी कृत्या, म्हणजे करणी, करून ठेवली असेल, तर ती या वनस्पतीने पुसून टाकावी अशी त्यांतील प्रार्थना आहे. अपामार्ग या नावातच पुसून दूर करण्याचा अर्थ आहे. सातव्या कांडात त्याला उलट्या फळांचा म्हटले आहे. आघाड्याचा तुरा ज्याने पाहिला असेल त्याला या विशेषणातील निरीक्षण कळेल. त्याची फळे दांड्यावर खालच्या दिशेने वळलेली असतात आणि वाटसरूच्या वस्त्राला चिकटतात. फळ जसे मागे वळते तशी करणीही करणाऱ्याकडे मागे वळावी, असा तो तर्क आहे. हा करणारा कोण, याचा शोध सूक्त घेत नाही. ज्याने केले असेल त्याच्याकडे ते जावो, एवढ्यावर ते थांबते. राजसूय यज्ञातही राक्षसांच्या निवारणासाठी अपामार्गाचा होम विहित आहे.

वेदकाळी वनस्पती केवळ बचावाची होती असे मात्र नाही. सवतीला पतीच्या मनातून दूर करण्यासाठी स्त्री एक वनस्पती खणून काढते, असे सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे आणि ते थोड्या फरकाने अथर्ववेदातही आले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे चौदावे अधिकरण तर शत्रूविरुद्ध वापरावयाच्या विषारी धुरांना आणि गुप्त योगांनाच वाहिलेले आहे. पत्नीच्या हातात ती प्रार्थना ठरली, राजाच्या हातात राजनीती. पुढे गावाबाहेरच्या एकाकी स्त्रीच्या हातातील मुळीला जे नाव मिळाले, ते या दोघांना कधी मिळाले नाही.

आघाडा महाराष्ट्रात आजही घरोघर येतो. श्रावणात जिवतीच्या पूजेला आघाडा-दूर्वांची माळ लागते आणि ही पूजा लेकरांच्या रक्षणासाठीच असते. ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासण्याचा परिपाठ आहे. गणपतीच्या पत्रीतही तो आहे. हिंदीत त्याला चिरचिटा किंवा लटजीरा म्हणतात, आणि श्रावणात त्याचा शोध घेणाऱ्या मराठी घराला तो दिल्लीतही कुंपणाच्या कडेला उगवलेला सापडतो. वैदिक कृत्येचा विसर पडला. रक्षणाचे काम तेवढे उरले.

आयुर्वेदाच्या संहितांनी हीच परंपरा वैद्यकाच्या चौकटीत आणली. सुश्रुताने व्रण झालेल्या रोग्याच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी सकाळ-संध्याकाळ दहा दिवस द्यावी असे सांगितले. हेतू निशाचरांपासून रक्षणाचा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या खोलीभोवती खैर, बोर इत्यादींच्या फांद्या लावाव्यात, मोहरी आणि जवस विखरावेत, आणि वेखंड, कोष्ठ, हिंग, लसूण, गुग्गुळ यांची पुरचुंडी दाराच्या चौकटीला व माता-बालकाच्या गळ्यात बांधावी, असा विधी आहे. मराठी बाळंतिणीच्या खोलीत ओवा, बाळंतशोपा आणि वेखंड यांची शेगडीवरची धुरी अगदी अलीकडेपर्यंत चुकत नसे. रक्षणाची भाषा आणि औषधाची भाषा येथे एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. धुरी देणाऱ्या आजीलाही तशी गरज वाटली नाही.

या यादीत एक वनस्पती नाही, ती म्हणजे मिरची. सरोजिनी नगरच्या माळेतली ही मुख्य जिन्नस मुळात अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आली आणि पुढे देशभर पसरली. वेद आणि संहिता यांना ती ठाऊक असणे शक्यच नव्हते. तरीही आज सनातन वाटणाऱ्या उपायात तिचे स्थान सर्वांत ठळक आहे. सुश्रुताच्या धुरीतली मोहरी आणि मीठ मराठी स्वयंपाकघरात टिकून राहिली, आणि त्यांच्या सोबतीला ही परदेशी तिखट पाहुणी येऊन घरची झाली. लोकपरंपरा जुने टाकत नाही आणि नव्याला नाही म्हणत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन मुलावरून ओवाळायच्या आणि चुलीत टाकायच्या. ठसका लागला नाही तर दृष्ट कडक होती असे समजायचे. या वेळी पुटपुटल्या जाणाऱ्या शब्दांकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यायला हवे. त्यांत आल्यागेल्यांची, घरच्यांची, दारच्यांची, भुताखेतांची, अशा सगळ्यांच्या नजरेचा उल्लेख येतो. मायेने पाहणाऱ्या आप्तांनाही त्यातून वगळलेले नसते. सर्वांवर संशय घेतला की कोणा एकावर तो उरत नाही. चूल मिरच्या गिळते, मूल झोपते आणि शेजारणीशी बोलणे चालू राहते. अथर्ववेदातील अनाम कर्त्याप्रमाणेच येथेही कोणाचे नाव घेतले जात नाही, आणि या विधीचे सामाजिक शहाणपण त्या मौनात आहे.

बिब्ब्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याचे तेल कातडीला लागले तर फोड उठतात; योग्य शोधनानंतर तेच औषध ठरते. परटांनी कपड्यांवर खुणा करण्यासाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला. जे पोळते तेच राखण करील, या न्यायाने तो दाराच्या माळेत आला. परंतु एखाद्याच्या चाललेल्या कामात विघ्न आणणे याला मराठीत बिब्बा घालणे म्हणतात. राखणदाराच्याच नावाने घातपाताचा वाक्प्रचार रूढ व्हावा, यावरून वनस्पतीच्या दुहेरी स्वभावाची जाण भाषेला किती खोलवर होती हे दिसते.

या समजुतींची पद्धतशीर नोंद झाली ती वसाहतकाळात. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे अभ्यासक होते. त्यांनी मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडून प्रश्नावलीच्या साहाय्याने लोकसमजुती गोळा केल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि जॅक्सन मारले गेले. त्यांचे टिपण आर. ई. एन्थोव्हन यांनी संपादित केले. गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये निघाला. त्या सामग्रीच्या आधारे एन्थोव्हन यांचा मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरील ग्रंथ १९२४ मध्ये आला. ही माहिती दिली ती गावोगावच्या मास्तरांनी. सुईण, आजी, वैदू आणि भगत यांचे बोलणे त्यांच्या लेखणीतून गाळून आले आहे, हे या नोंदी वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

निवाड्याच्या वनस्पतींचा इतिहास या घरगुती जगापेक्षा फार वेगळा आहे. सर जॉन शोअर यांनी १७९५ मध्ये एशियाटिक रिसर्चेसच्या चौथ्या खंडात, आज झारखंडात असलेल्या रामगढ भागातील एक प्रघात नोंदवला. गावातील बारा वर्षांवरील प्रत्येक स्त्रीच्या नावाची एकेक सालाची फांदी सकाळी पाण्यात रोवायची आणि साडेचार तास ठेवायची. जिच्या नावाची फांदी सुकेल ती चेटकीण. १७९२ साली पाच स्त्रियांच्या हत्येचा खटला तेथे चालला. तेव्हा आरोपींनी गुन्हा नाकारला नाही, ही आपली पूर्वापार रीत आहे असे सांगितले. अपामार्गाच्या सूक्तात ज्याचे नाव घेतले नव्हते, त्या कर्त्याचे नाव येथे फांदीवर आले. ते प्रत्येक वेळी स्त्रीचेच असणार, हे फांद्या तोडण्यापूर्वीच ठरलेले होते.

मध्य भारतातील आणि भिल्ल प्रदेशातील एकोणिसाव्या शतकाच्या नोंदींत डाकीण ठरवलेल्या स्त्रीला झाडाला उलटे टांगल्याचे, तिच्या डोळ्यांत मिरची भरल्याचे उल्लेख येतात. मध्य प्रांतात, ज्यात नागपूरचा मुलूखही होता, चेटकिणीला एरंडाच्या छड्यांनी मारीत. एरंडाच्या माराने तिची विद्या नष्ट होते असा समज होता. हाच एरंड महाराष्ट्रात होळीच्या मध्यभागी उभा करतात आणि त्याच्याभोवती गोवऱ्या-लाकडे रचतात. होळीच्या एका कथेत मुलांना छळणाऱ्या ढुंढा राक्षसीला गावकरी आरडाओरडा करून, आग पेटवून पळवून लावतात. ढुंढा ही कथेतली, म्हणून होळी सण राहिली. जेथे राक्षसीच्या जागी गावातली चालतीबोलती बाई आली, तेथे एरंड सणातून शिक्षेत गेला. चुलीतली मिरचीही अशीच डोळ्यांत गेली.

वनस्पतीला साक्षीदार करण्याची ही वृत्ती केवळ रानावनातली नाही. गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ छापला. धोत्र्याची पूड अन्नात मिसळून माणसाला भ्रमिष्ट करण्याचा चोरांचा प्रकार त्याने त्यात नोंदवला, तोही लक्षणे आणि उपचार यांसह, वैद्याच्या नजरेने. त्याच गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण सभेचा अंमल होता. ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून ओर्ताची हाडे त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, उकरून जाळण्यात आली. १७३६ च्या फर्मानाने तर ख्रिस्ती झालेल्या घरांच्या अंगणातली तुळसही गुन्ह्याची खूण ठरवली. अ. का. प्रियोळकरांच्या अभ्यासामुळे हा इतिहास सर्वांसमोर आला. युरोपात खुरासानी ओवा, बेलाडोना, धोत्रा अशा भ्रम उत्पन्न करणाऱ्या वनस्पतींचा चेटकिणींच्या मलमाशी संबंध जोडला गेला होता. पंधराव्या ते अठराव्या शतकांत तेथे चेटकाच्या आरोपावरून सुमारे ४०,००० ते ६०,००० माणसे मारली गेली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

महाराष्ट्रात हा प्रश्न विसाव्या शतकानंतरही संपला नाही. सातपुड्यात, विशेषतः नंदुरबार भागात, स्त्रीला डाकीण ठरवून मारहाण करणे वा गावाबाहेर काढणे असे प्रकार घडत राहिले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यांविरुद्ध मोहीम चालवली. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा संमत केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

या कायद्याची अनुसूची लोकविद्येच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे यांबरोबर मिरचीची धुरी देणे हा गुन्हा तिच्यात नावानिशी आला आहे. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असे भासवून तिच्याविषयी लोकांत भीती वा द्वेष पसरवणे हाही गुन्हा आहे. चुलीत मिरच्या टाकणारी आजी मात्र त्याच्या कक्षेत येत नाही, आणि दारावरची माळही नाही. निवारण आणि निवाडा यांच्यामधली जी रेषा परंपरेत पुसट होती, ती विधिमंडळाने हिंसेच्या जागी आखली.

एक हानी मात्र कायद्याने भरून येणारी नाही. ज्या स्त्रीला मुळ्या, साली, पाने यांची माहिती होती, जिच्या औषधाने गुण येई आणि एखाद्या वेळी येत नसे, तिच्याकडे संशयाची नजर सहज वळे. ती विधवा वा एकटी असली आणि तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असला, तर अधिकच. अशा बाईला आपले ज्ञान लपवणेच शहाणपणाचे वाटले असणार. ते तिच्याबरोबरच संपले. शाळामास्तरांच्या टिपणांत दाराला काय टांगावे, कोणती फुले कोणत्या देवाला वाहावीत, हे आले. रानातल्या या जाणकार बाईचे बोलणे त्यांत शोधावे लागते, आणि ते फार थोडे सापडते.