पंचनाम्यात न येणारं नुकसान

गोदावरीला मोठा पूर आला की निफाड तालुक्यातलं सायखेडा बातम्यांत येतं. ऑगस्ट 2019 आठवून बघा. पाणी ओसरलं की पंचनामे होतात. घर, जनावर, पीक सगळ्याची नोंद होते. रात्री दचकून उठणाऱ्या मुलासाठी मात्र त्यात रकाना नसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवायची: कागदावर नाही म्हणजे घडलं नाही, असं नसतं.

आता थोडं मागे जाऊ. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. छप्पर, शाळा, सोबत मिळाली. ‘मग आघातावरचा खास उपचार का दिला नाही?’ असं आज विचारणं सोपं आहे, पण तो आजचा प्रश्न 1993 वर लादणं झालं. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी या उपचारपद्धतीच्या महत्त्वाच्या चाचण्या अमेरिकेत 1996 च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागल्या. यात मूल आणि पालक दोघांबरोबर काही आठवडे काम चालतं: भीती ओळखायची, शांत व्हायला शिकायचं, घडलेलं हळूहळू शब्दांत मांडायचं.

योगायोग बघा, 1996 मध्येच भारतात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू झाली. तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक नैराश्यावर परिणामकारक मदत करू शकतात, हे संगतच्या 2010 मधल्या अभ्यासाने दाखवलं. तो अभ्यास प्रौढांचा होता. मुलांबद्दलचा पुरावा झांबियातल्या लुसाकामधून आला. तिथे 257 मुलांच्या चाचणीत अशाच स्थानिक समुपदेशकांनी ही पद्धत वापरली आणि मुलांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली (2015). तिथलं प्रशिक्षण एका कार्यशाळेवर संपलं नव्हतं. समुपदेशकांना पुढेही नियमित देखरेख आणि मार्गदर्शन मिळत राहिलं.

माझ्या मते या इतिहासाचा मुद्दा इथेच आहे. उपचार सिद्ध होणं वेगळं आणि तो गावात टिकणं वेगळं. म्हणून अहवाल वाचताना ‘किती जणांना प्रशिक्षण दिलं’ या आकड्यावर थांबू नका. सहा महिन्यांनी त्यातले किती जण मुलांना भेटत होते, हे शोधा. सायखेड्यातल्या एखाद्या आशाताईला उद्या ही पद्धत शिकवली, तर पुढच्या आठवड्यात अडल्यावर तिने कोणाला फोन करायचा? याचं उत्तर ज्या योजनेत नाही, ती कार्यशाळेच्या फोटोपुरतीच उरते.