नाशिकचा विस्तार आणि रस्त्यांची सांधणी : देवळ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

शहराच्या इतिहासात राजवटी, पेठा व वास्तू यांची नोंद होते. रस्त्यांची क्वचितच होते. वस्तुतः इमारत पाडून नव्याने बांधता येते, परंतु एकदा आखलेला रस्ता अनेक पिढ्या टिकतो. शहर वाढताना रस्त्यांची परस्परांशी असलेली सांधणी कशी बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात नाशिकच्या उदाहरणाने केला आहे.

सांधणीचे मोजमाप :

एका ठिकाणी किती रस्ते मिळतात, यावरून सांधणी मोजतात. चौफुलीस चार, तिठ्यास तीन, तर पुढे वाट नसलेल्या गल्लीच्या टोकास एक. बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल या अभ्यासकांनी 2015 मध्ये दाखविले की, अमेरिकेतील नव्या वस्त्यांची सांधणी विसाव्या शतकात दीर्घकाळ घटत गेली व 1990 च्या दशकाच्या मध्यानंतर सुधारू लागली. 2020 च्या त्यांच्या अभ्यासात जगाचा एकूण कल मात्र घटीकडेच आढळला.

नाशिकची वाढ :

नाशिक नगरपालिका 1864 मध्ये स्थापन झाली. गोदाकाठच्या जुन्या गावठाणातील गल्ल्या अरुंद व वळणाच्या असल्या, तरी बहुधा एकीतून दुसरीत निघतात. रेल्वे स्थानक गावापासून कित्येक किलोमीटर दूर झाल्याने नाशिकरोडची स्वतंत्र वस्ती वाढली. 1960 च्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत व त्यानंतर सिडकोचे नवीन नाशिक उभे राहिले. 1982 मध्ये महानगरपालिका होऊन हे भाग एका प्रशासनाखाली आले. 2001 मधील 10,77,236 लोकसंख्या 2011 मध्ये 14,86,053 झाली, म्हणजे दशकात सुमारे 38 टक्के वाढ.

कारणमीमांसा :

1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने अनेकांच्या जमिनी एकत्र घेऊन सलग रस्ते आखण्याची सोय केली. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ती कायम राहिली. याउलट, स्वतंत्र ले-आऊटमध्ये मालक आपल्या गटापुरताच रस्ता आखतो. विकास आराखड्यातील रस्ता मधून जात नसेल, तर तो बांधाशीच थांबतो. शेजारच्या वसाहतीत जाण्यासही मग मुख्य रस्त्यावर यावे लागते आणि सारी वाहतूक तेथेच एकवटते. रस्ता रुंद करून हा दोष जात नाही, कारण उणीव रुंदीची नसून जोडणीची असते.

देवळ्याचा संदर्भ :

देवळा 1999 मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. विंचूर-प्रकाशा मार्गावरील या गावी बाजार, शाळा व कचेऱ्या यांमुळे शेतजमिनींवर नव्या वसाहती होणे स्वाभाविक आहे. तथापि शिवरस्ते व पाणंदी या रूपाने जोडरस्त्यांचा आधार खेड्यापाड्यांजवळ पूर्वापार असतो. त्या वसाहतींत गिळल्या जाण्यापूर्वी नकाशावर निश्चित करणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

सांधणी ही शहराच्या आरंभीच साधते. घरे उभी राहिल्यावर ती मिळवायची, तर कोणाचे तरी घर पाडावे लागते. नाशिकला जो निर्णय आज महाग पडतो, तो देवळ्याला अद्याप अल्प खर्चात घेता येईल.